मोटारींची चढाओढ आणि ग्वाल्हेरचे गिऱ्हाईक

ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागात दर्पण कॉलनी नावाची वसाहत आहे. नोकरदार, निवृत्त अधिकारी, शिक्षक, लहान व्यापारी अशा मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या ज्या वसाहती प्रत्येक शहरात असतात, त्यांपैकीच ही एक. शिंद्यांच्या राजवटीपासून या शहरात मराठी घराणी मुरलेली आहेत. त्यामुळे येथील एखाद्या फाटकावर मराठी आडनावाची पाटी दिसली तर कोणास नवल वाटत नाही. डिसेंबर सरत आला आणि थंडीचा कडाका वाढू लागला की, अशा घरांतून एक विषय हमखास निघतो. यंदा मेळ्यात मोटार घ्यावयाची की नाही?

महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत १९०५ मध्ये ग्वाल्हेरचा व्यापार मेळा सुरू झाला. आरंभी गुरांच्या खरेदीविक्रीला त्यात मोठे स्थान होते. शेतकरी बैलाचे दात मोजून, खांदा चाचपून आणि चार पावले चालवून मगच रुमालाखाली हात घालीत. आता त्याच मेळ्यात मोटारींचे मांडव उभारले जातात आणि गिऱ्हाईक गाडीचा दरवाजा दोनदा लावून त्याचा आवाज ऐकते. जनावर बदलले, पारख करणाराची चिंता मात्र तीच राहिली. घरची पुंजी घालून जे दारी आणावयाचे, ते किती वर्षे साथ देईल?

या मेळ्याकडे मोटारीचे गिऱ्हाईक ओढले जाते त्याचे कारण मात्र अगदी व्यावहारिक आहे. मेळ्यात घेतलेल्या आणि ग्वाल्हेरच्या परिवहन कार्यालयात कायमची नोंद झालेल्या वाहनावरील करात शासन सूट देते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी मध्य प्रदेश शासनाने ती ५० टक्के ठेवली होती. समजा, एखाद्या गाडीच्या करापोटी ऐंशी हजार रुपये भरावे लागणार असतील, तर चाळीस हजार वाचतात. मध्यम स्थितीतील कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हे. म्हणूनच दिवाळीत गाडी घेण्याचा बेत ठरलेला असतानाही पुष्कळ लोक तो मेळ्यापर्यंत लांबणीवर टाकतात.

परंतु येथेच बाजाराची एक गंमत दिसून येते. ही सूट शासनाची आहे, कंपनीची नव्हे. ती सर्व गाड्यांना सारखीच मिळते. सर्वांना सारखीच असलेली सवलत कोणालाच वरचढ करीत नाही. तेव्हा मांडवात उभ्या असलेल्या विक्रेत्याला गिऱ्हाईक आपल्याकडे वळविण्यासाठी दुसरे काही शोधावे लागते. कोणी जुन्या गाडीचा जास्त मोबदला देऊ करतो, कोणी पहिल्या वर्षाचा विमा आपल्या अंगावर घेतो, कोणी कर्जाचा हप्ता हलका करून दाखवितो. चढाओढ किमतीची आहे असे दिसते. वास्तविक ती विश्वासाची असते. हे नीट समजण्यासाठी या देशातील मोटारींच्या बाजाराचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

या इतिहासाचे एक टोक, गमतीची गोष्ट म्हणजे, ग्वाल्हेरलाच येऊन मिळते. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ग्वाल्हेरच्या महाराजांनी एक आगबोट विकत घेऊन तिचे रुग्णालय केले आणि तिला ‘लॉयल्टी’ असे नाव दिले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ती बोट सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार यांनी घेतली; त्यांनी काढलेल्या जहाज कंपनीला ‘सिंदिया’ हे नाव मिळाले ते यावरूनच. पुढे याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. त्यांच्या आधी, १९४२ मध्ये, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघाली होती. तिचा कारखाना पुढे कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे स्थिरावला. तिसरी कंपनी मद्रासची, स्टँडर्ड.

त्यापूर्वी मोटारीचा धंदा परकीयांच्या हाती होता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढून सुट्या भागांतून मोटारी जोडण्यास प्रारंभ केला होता. फोर्डही याच धंद्यात होती. स्वातंत्र्यानंतर प्रश्न असा उभा राहिला की, वर्षाकाठी काही हजार मोटारी खपणाऱ्या या देशात किती कारखाने जगू शकतील? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने कौल दिला की, मोटारीचे भाग येथेच बनविण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी असेल, त्यांनाच हा धंदा करू द्यावा. केवळ जोडणी करणाऱ्या परकीय कंपन्यांनी आपले कारखाने बंद केले.

त्या निर्णयामागील विचार अगदीच चुकीचा नव्हता. मोटारीचा साचा, ओतकाम, यंत्रे यांवर होणारा खर्च प्रचंड असतो, आणि तो हजारो गाड्यांवर वाटला गेला तरच एका गाडीची किंमत आवाक्यात राहते. लहान बाजार दहा जणांत वाटला तर कोणाचाच खर्च भरून निघत नाही. पण तोच बाजार तिघांच्या स्वाधीन केला आणि बाहेरच्यांना दार बंद केले, तर त्या तिघांना गिऱ्हाइकाची खुशामत करण्याचे कारण उरत नाही. लहान बाजाराचा हा पेच आहे. फार दुकाने असली तर दुकानदार मरतो, फार थोडी असली तर गिऱ्हाईक.

पुढच्या तीस वर्षांत हेच घडले. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड यांनी देशाची जणू वाटणी करून घेतली. कलकत्त्यात, उत्तरेत आणि सरकारी कचेऱ्यांच्या आवारात अ‍ॅम्बॅसडर. मुंबईच्या रस्त्यांवर आणि टॅक्सीच्या अड्ड्यांवर फियाट. दक्षिणेत स्टँडर्डचा विशेष आढळ. गाडी जेथे बनते तेथेच तिचे सुटे भाग आणि तिची नाडी ओळखणारे कारागीर मिळतात, हे त्याचे एक साधे कारण. यंत्र तेच, ठेवण तीच. वर्षानुवर्षे पुढची जाळी किंवा मागचा दिवा एवढाच बदल होई. फियाटचे नाव पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले, परंतु नाव बदलले म्हणून गाडी बदलली असे कोणी म्हटले नाही.

त्या काळी गिऱ्हाईक गाडी निवडीत नसे, ताटकळत बसे. १९५९ च्या एका हुकूमाने मोटारींचे वाटप आणि विक्री यांवर सरकारी नियंत्रण आले. १९६९ मध्ये सरकारने किमतीही ठरवून दिल्या, तेव्हा कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७१ मध्ये त्या वादाचा निकाल लागला. एका मोटारीची रास्त किंमत किती, हे बाजाराऐवजी न्यायालयापुढे मोजले जावे, यातच त्या व्यवस्थेचे सारे स्वरूप आले. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि छापील किमतीपेक्षा वापरलेली गाडी महाग विकली जाई. अशा स्थितीत कारखानदाराने गाडी सुधारावी तरी कशासाठी? १९८० च्या सुमारास सबंध देशात वर्षाला जेमतेम तीस हजारांच्या आसपास मोटारी तयार होत होत्या.

या बंद खोलीची खिडकी उघडली ती सरकारनेच. १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. गाडी लहान, हलकी आणि पेट्रोलच्या बाबतीत काटकसरी होती. त्याआधीच दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली होती. बाजार लहान आहे असे तीस वर्षे सांगितले जात होते. पण तो लहान का होता, याचे उत्तर या आकड्याने दिले. लोकांना मोटार नको होती असे नव्हे. परवडेल आणि वेळेवर मिळेल अशी मोटार नव्हती. बाजाराचा आकार काही अंशी विकणाराच ठरवीत असतो, हा मोलाचा धडा त्यावेळी मिळाला.

जुन्या कारखान्यांनी आपल्या परीने उत्तर देऊन पाहिले. उत्तरपाड्याने १९८४ मध्ये काँटेसा आणली, कुर्ल्याने १९८५ मध्ये ११८ एनई. त्या गाड्यांचे चाहते होते. पण तीस वर्षे चढाओढीची सवय नसलेल्या अंगाला एकदम कुस्ती झेपली नाही. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले आणि जगातील कंपन्या भारताकडे वळल्या.

१९९८ हे वर्ष गिऱ्हाइकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. कोरियाच्या ह्युंदाईने सँट्रो आणली, देवूने मॅटिझ आणली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात घडविलेली टाटांची इंडिका लोकांपुढे आली. पंधरा वर्षे जिला स्पर्धकच ठाऊक नव्हता, त्या मारुतीला आपल्या गाड्यांच्या किमती उतरवाव्या लागल्या. मोटारीची किंमत कमीही होऊ शकते, हे तोपर्यंत मध्यमवर्गीय माणसाने ऐकले नव्हते.

येथून पुढची चढाओढ मोठी शिकवण देणारी आहे. किंमत हेच सर्वस्व असते तर २००९ मध्ये आलेली टाटांची नॅनो घरोघर दिसली असती. एक लाख रुपयांच्या त्या गाडीने जगाचे लक्ष वेधले. परंतु गिऱ्हाइकाने तिला अपेक्षेएवढे जवळ केले नाही आणि सुमारे दहा वर्षांत तिचे उत्पादन थांबले. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ अशी तिची प्रसिद्धी झाली ही चूक झाली, असे पुढे खुद्द रतन टाटा यांनीच सांगितले. दर्पण कॉलनीसारख्या वसाहतीत मोटार ही केवळ पावसात कोरडे ठेवणारी वस्तू नसते. तिच्यावर शेजाऱ्यांची नजर असते, तिच्यातून मुलीच्या सासरी जावयाचे असते. आयुष्यभर बचत करणारा माणूस घासाघीस करून स्वस्तात घेईल. पण स्वस्त म्हणून ओळखली जाणारी वस्तू घेताना कचरेल.

मग गिऱ्हाईक कशाला भुलते? प्रथम विचारले जाते ते, लिटरला किती किलोमीटर जाते? मग, दुरुस्ती कोठे होते? आणि शेवटी, विकावयाची झाली तर किती येतील? या तिन्ही प्रश्नांत मारुतीने जी आघाडी मिळविली ती आजतागायत टिकली आहे. २०२३-२४ मध्ये देशात ४२ लाखांहून अधिक प्रवासी वाहने विकली गेली, त्यांतील दहांपैकी सुमारे चार त्या एका कंपनीची होती. ह्युंदाई, टाटा आणि महिंद्र यांची विक्री तीत मिळविली की सुमारे चार-पंचमांश बाजार संपतो. उरलेल्या एक-पंचमांशासाठी टोयोटा, किया, होंडा, रेनो, निसान, फोक्सवॅगन, स्कोडा आणि आणखी कित्येक जण झटत असतात.

भारत आज जगातील तिसरा मोठा मोटारबाजार आहे. परंतु जो कारखानदार त्या उरलेल्या तुकड्यातील एक कपचा खातो, त्याच्या दृष्टीने हा बाजार अजूनही लहानच आहे. ग्वाल्हेरसारख्या एखाद्या शहरापुरते पाहिले तर तो अधिकच लहान होतो. नव्या गाडीच्या विक्रीतून पेढीला सुटणारी रक्कम बेताची असते. पेढी जगते ती मुख्यतः दुरुस्ती, सुटे भाग, विमा आणि कर्जाची दलाली यांवर. शहरात त्या जातीच्या गाड्याच थोड्या असतील तर दुरुस्तीचे काम थोडे, काम थोडे तर कारागीर टिकत नाही, कारागीर नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही. हे रहाट एकदा उलटे फिरू लागले की थांबविणे कठीण.

आणि ते फिरलेले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. कल्याणच्या कारखान्यातून १९९४ पासून प्यूजोच्या गाड्या निघू लागल्या. काही वर्षांतच प्यूजो देश सोडून गेली. देवूचा मूळ कोरियन उद्योगच कोसळला आणि तिच्या गाड्यांचे मालक मागे राहिले. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेव्हरोले विकणे थांबविले. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. पुण्याजवळील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला, गुजरातमधील साणंदचा फोर्डचा कारखाना टाटांनी घेतला. कारखान्याला नवा धनी मिळतो, यंत्रांना नवे काम मिळते. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीला मात्र नवे नाव मिळत नाही. कंपनी सुटे भाग पुरविण्याचे आश्वासन देऊन जाते. पण शहरातील पेढीची पाटी उतरली की, त्या गाडीची बाजारातील किंमत त्याच दिवशी घसरते.

हा अनुभव केवळ आपल्याच देशाचा नाही. न्यूझीलंडसारख्या छोट्या देशात मोठी जकात लावून मोटारींची जोडणी टिकवून धरण्यात आली होती. ती जकात उठली आणि १९९८ मध्ये तेथील शेवटचे कारखाने बंद झाले. तेथील गिऱ्हाईक जपानातून येणाऱ्या वापरलेल्या गाड्या स्वस्तात घेऊ लागले. ऑस्ट्रेलियात फोर्डने २०१६ मध्ये, आणि टोयोटा व होल्डन यांनी २०१७ मध्ये उत्पादन थांबविले. गिऱ्हाइकाला गाड्या पुष्कळ मिळाल्या, कामगाराच्या हातचे काम गेले. एकाच धोरणाने एका घराचा लाभ आणि दुसऱ्याची हानी होते, हेही विसरून चालणार नाही. कुर्ल्याच्या कारखान्याचा भोंगा थांबला तेव्हा मुंबईतील कित्येक मराठी घरांनी हे सोसले आहे.

आता पुन्हा दर्पण कॉलनीकडे वळावे. अशा एखाद्या घराची कल्पना करावी, जेथे निवृत्त वडील, नोकरी करणारा मुलगा आणि सून रात्री जेवणानंतर मेळ्यातून आणलेली माहितीपत्रके पसरून बसली आहेत. मुलाचे मन एका नव्या, देखण्या परदेशी गाडीवर बसले आहे. तिच्यावर सवलतही सर्वांत मोठी आहे. वडिलांनी एके काळी फियाटसाठी वर्षे मोजलेली. इतक्या गाड्या एका मांडवात पाहून त्यांना हर्ष होतो आणि थोडे भयही वाटते.

“बाबा, हप्ता अगदी हलका बसतोय,” मुलगा म्हणतो. “सात वर्षांत फिटेल.”

“हप्ता सात वर्षांचा, हे कळले,” वडील म्हणतात. “पण ही कंपनी ग्वाल्हेरात किती वर्षांची, तेवढे विचारून आलास का?”

सून मधेच म्हणते, “आणि बाबा, आपल्या गल्लीत ही गाडी एकाचीही नाही. बंद पडली तर कोणाला विचारायचे?”

त्या तिघांच्या बोलण्यात सगळ्या चढाओढीचे मर्म आले आहे. मोठी सवलत ही पुष्कळदा कंपनीच्या उदारपणाची खूण नसते, तिच्या अडचणीची असते. ज्या गाडीला गिऱ्हाईक आपणहून येते, तिच्यावर फारसे काही सोडावे लागत नाही. जिच्यावर फार सोडले जाते, तिचा साचा लवकरच बदलावयाचा असतो, किंवा गोदामात माल पडून असतो, किंवा कंपनीचाच पाय डळमळीत असतो. तसे असेलच असे नाही. पण विचारून घेणे गिऱ्हाइकाच्या हिताचे आहे. शहरात या जातीच्या गाड्या किती धावतात? अधिकृत दुरुस्तीची जागा शहरातच आहे, की आग्रा वा झाशी गाठावी लागेल? पाच वर्षांपूर्वीची याच कंपनीची गाडी आज बाजारात किती रुपयांना जाते? या तीन प्रश्नांची उत्तरे मांडवातील दिव्यांच्या झगमगाटात मिळत नाहीत. ती मांडवाबाहेर, वापरलेल्या गाड्यांच्या दलालाकडे आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे मिळतात.

याचा अर्थ सर्वांनी एकाच कंपनीच्या मागे जावे असा मुळीच नव्हे. तसे झाले तर पुन्हा ते जुनेच दिवस येतील, ताटकळण्याचे आणि मिळेल ते घेण्याचे. नवा स्पर्धक उभा राहतो म्हणून जुना जागा राहतो. १९९८ मध्ये किमती उतरल्या त्या दानतीने नव्हे, धाकाने. जो माणूस आज नवख्या कंपनीची गाडी घेतो, तो आपल्या पदरचा धोका पत्करून इतर सर्वांना स्वस्त गाडी मिळवून देत असतो. त्याने तो धोका जाणून पत्करावा, सवलतीच्या आकड्याला भुलून नव्हे, एवढेच सांगावयाचे.

ज्यांनी तीनच गाड्यांचा काळ पाहिला, त्यांना आजच्या गिऱ्हाइकाचा हेवा वाटणे साहजिक आहे. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. त्या गाड्यांत दोष पुष्कळ होते. पण खेड्यातला लोहारही त्या दुरुस्त करू शकत असे आणि आपली कंपनी उद्या राहील की नाही, ही शंका त्यांच्या मालकाच्या मनाला शिवत नसे. निवड मिळाली आणि ती निश्चिंती गेली. जे गेले ते परत मागण्यात अर्थ नाही. त्याची जागा आता गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या चौकशीने भरून काढावी लागेल. मेळ्यात बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याचे वर्णन ऐकून घेई, मान डोलावी आणि मग स्वतः खाली बसून दात मोजी. मोटार घेणाऱ्यानेही तेच करावे.